दहा वर्षांचा दाखला

सीईटीचा निकाल लागला की माझ्या दुकानात
माणसांपेक्षा प्रिंटर जास्त तापतो.
जांबोटी क्रॉस, खानापूर.
झेरॉक्स दोन रुपये, ऑनलाइन अर्ज साठ.
सर्व्हर पडला तर बसायला बाक आहे.

आज बाकावर गर्लगुंजीचे दोन बाप.
हलगेकर कंत्राटदार, खिशाला दोन पेनं.
मोदगेकर कौलाच्या कारखान्यातला,
नखांत अजून तांबडी माती.
मधे एका माणसाची जागा मोकळी.

मुली उभ्याच. अंगणवाडीत
एका ताटातलं उप्पीट खाल्लेल्या.
मग एकीला पिवळी बस न्यायला लागली,
सकाळी साडेसहाला, बेळगावात, कॅम्पात,
जिथं मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर दहा रुपये दंड.
दुसरी चालत गेली, तळ्याच्या कडेनं, सरकारी शाळेत.
तिथं तीन वर्षं गणिताला सर नव्हते,
कन्नडच्या बाईंनीच प्रमेयं शिकवली,
त्रिकोणाला त्रिभुज म्हणत, हसत, चुकत,
पण शिकवली.

पुढं पीयूसीला सगळंच इंग्लिश.
चाल आणि वेग यांतला फरक रसिकाला पाठ होता,
फक्त त्या भाषेत कुणी विचारत नव्हतं.
(मीही तिथंच अडकले होते. फिजिक्स, एकोणतीस मार्क.
म्हणून हे दुकान. असो.)

आर्याचा रँक एकतीस हजार.
रसिकाचा बावन्न.
मी कॉलम वाचत जाते:
ग्रामीण भागात पहिली ते दहावी? होय, नाही.
कन्नड माध्यम? होय, नाही.
मराठी माध्यमाला चौकोनच नाही,
तिथं माझा माऊस नेहमी जरासा थांबतो.

'ग्रामीणवर टिक कर की,' हलगेकर म्हणाले.
'आमचं घर गावातच हाय.'
घर नव्हे काका, शाळा लागते. दहा वर्षांचा दाखला.
ते गप्प झाले. दहा वर्षांची फी
त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक वर्षानं खाली उतरली.
मग बाकावरून पुढं झुकून, हळू आवाजात:
'हेडमास्तर आपल्यातलाच हाय.
एक कागद टाइप करून देतीस काय?
पैसे बोल.'

प्रिंटर घुर्रर्र करत होता, दुसऱ्याचंच काहीतरी.
आर्यानं मान वर केली नाही.
'पप्पा, मी तिथं शिकले नाही,' एवढंच म्हणाली,
आणि 'शिकले' म्हणताना तिची जीभ जरा अडली,
दंड भरलेल्या माणसासारखी.

मी दुसरा टॅब उघडला. पलीकडच्या राज्याचा.
वादग्रस्त सीमाभागातील उमेदवार आहात काय?
गावांच्या यादीत गर्लगुंजी सापडलं.
दोघींनाही होय म्हणता येतं तिथं.
एका यादीत गाव आहे म्हणून दोघी एक,
दुसऱ्या यादीत शाळा आहे म्हणून दोन.
माझ्याकडं दोन्ही उघडतात, साठ रुपयांत.

रसिकाला कॉलेजांची नावं टाइप करता येईनात,
स्पेलिंगमध्ये बोटं हरवत होती.
आर्या न विचारता खुर्चीत सरकली.
'तू सांग, मी घालते.'
हुबळी घातलं, बागलकोट घातलं,
बेळगाव सगळ्यांत वर घातलं,
का, तर बसला बायकांना तिकीट शून्य रुपयांचं,
घरून ये-जा करता येईल.
हे कारण आर्याला नवीन होतं.
तिनं तीनदा विचारलं, खरंच शून्य?

निघताना मोदगेकरांनी साठ रुपये सुट्टे मोजून ठेवले,
मग दारातच थांबले.
'ताई, बावन्न हजार म्हणजे…
नंबर जास्त असला की बरा, का कमी?'

मी तोंड उघडायच्या आत
हलगेकर बाकावरून म्हणाले,
'कमी असला की बरा, बाळू.'
आणि मधली मोकळी जागा
हातानं उगीच झाडली.